विहिरींची पातळी, पी व्हॅल्यू आणि "लक्षणीय घट": नक्की काय समजायचं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. विषय किचकट आहे, पण इथे आकडेवाले आणि विहिरीवाले दोन्ही असतात म्हणून इथेच विचारतोय.

पुतणी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूजल. यावल, रावेर, चोपडा या तापीच्या उत्तरेकडच्या तालुक्यांतल्या आणि इकडे साक्री-धुळे भागातल्या चाळीसेक निरीक्षण विहिरींच्या वीस वर्षांच्या नोंदी तिने जमवल्या. फक्त मे महिन्यातल्या, पावसाळ्याआधीच्या. प्रत्येक विहिरीला मान-केंडॉल चाचणी लावली, म्हणजे नोंदींत चढता-उतरता कल आहे का ते बघणारी सांख्यिकी चाचणी. काहींची पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, काहींची वर. मार्गदर्शकांचं म्हणणं असं की खाली आल्या त्यांच्यापुढे "सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय घट" लिहायचं, वर आल्या त्यांच्यापुढे "घट नाही" लिहायचं आणि प्रकरण बांधायला टाकायचं.

तिचे वडील केळीवाले. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पाणी गेलं का नाही गेलं?" तिला धड सांगता येईना. मला तर नाहीच नाही.

आमच्या विहिरीपुढे "घट नाही" आलंय, आणि शेजारच्या गावच्या विहिरीपुढे "लक्षणीय घट". दोन्हींचे आलेख मला तरी सारखेच दिसतात. हे कसं? आणि लक्षणीय घट आहे म्हणजे उपसा जास्त झाला हे सिद्ध झालं असं धरायचं का? गावात तसं बोलायला सुरुवात झाली आहे, म्हणून विचारतो.

भरीत_पार्टी

वाचतोय. वाचनखूण साठवली.

आकडेमोड

तापीकाठ भाऊ, आधी ही चाचणी करते काय ते बघू.

मान-केंडॉल पाणी किती खाली गेलं ते सांगतच नाही. ती वर्षांच्या जोड्या लावते. वीस वर्षं म्हणजे १९० जोड्या. प्रत्येक जोडीत नंतरच्या वर्षी पाणी आधीच्यापेक्षा खोल होतं की वर होतं, एवढंच ती विचारते. चार बोटं खोल असो की चार मीटर, मत एकच. कल काहीच नसेल तर साधारण ९५ जोड्या इकडे आणि ९५ तिकडे पडतील. आता समजा १२६ जोड्यांत पाणी खोल गेलं आणि ६४ जोड्यांत वर आलं, तर पी येते ०.०४८. तेच १२५ आणि ६५ असेल तर ०.०५६. एक जोडी फिरली की निकाल फिरला! वीस वर्षांत कुठेतरी टेप जरा तिरकी धरली गेली असेल, तेवढ्यावर एका विहिरीपुढे "लक्षणीय घट" आणि दुसरीपुढे "घट नाही". तुम्हाला आलेख सारखे दिसले कारण ते बहुधा सारखेच आहेत.

पी व्हॅल्यूचा अर्थ इतकाच: कल अजिबात नाही असं धरून चाललो, तर निव्वळ वर्षावर्षांच्या चढउतारातून इतका किंवा याहून जास्त एकतर्फी निकाल येण्याची शक्यता किती. "पाणी घटतंय याची ९५ टक्के खात्री" असं त्यातून निघत नाही. आणि ही ०.०५ ची रेघ काही निसर्गाने आखलेली नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी १९२५ साली सोयीची म्हणून ती सुचवली आणि जगाने दगडावर कोरून टाकली. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने निवेदनच काढलं की पी एखाद्या रेघेच्या वर आहे की खाली एवढ्यावरून वैज्ञानिक निष्कर्ष किंवा धोरण ठरवू नका. मार्गदर्शकांना मान देऊन सांगतो, "घट नाही" हे लिहू नये. "या नोंदींवरून कल ठरवता आला नाही" असं लिहावं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

काळी_माती

भाऊ, पानी खाले गयं हाई समजाले चाचणी कसाले लागस? आम्हना शिवारमा मोटर दरसाल खाले सोडनी पडस.

मराठीत सांगतो. आमच्या बोअरला सुरुवातीला जितके कॉलम पाईप होते त्याच्या दुपटीच्या वर गेलेत आता. घरात वहीत लिहिलेलं आहे, पाईपाची पावती पण आहे. याला काय म्हणणार, लक्षणीय का अलक्षणीय?

आकडेमोड

काळी_माती, ती वही फेकू नका, सोनं आहे ते. पण त्यात एक मेख आहे. पाणी उतरलं की तुम्ही पाईप वाढवता. पाऊस चांगला झाला, पाणी वर आलं, तर पाईप काढून ठेवता का? नाही ना, कोण काढतो! म्हणजे तुमची नोंद एकाच दिशेने जाऊ शकते. दहा वर्षांत एकच दुष्काळ पडला आणि बाकी नऊ वर्षं पाणी तुडुंब असलं तरी वहीत पाईप वाढलेलेच दिसतील. त्यावर मान-केंडॉल लावली तर पी सुरेख येईल आणि अर्थ शून्य.

काळी_माती

हे बाकी खरं. पाईप कोणीच काढत नाही.

शेरा_रकाना

मी या मोजणीच्या कामात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. खात्याचं नाव घेत नाही. पी व्हॅल्यूचं आकडेमोड सर सांगतीलच, मी विहिरीच्या काठावरचं सांगतो, कारण गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू चोळायचा, टेप सोडायची, खालचं टोक पाण्यात जरा बुडू द्यायचं, वर ओढायची. वरच्या खुणेशी जो आकडा धरला त्यातून ओला झालेला भाग वजा. ही झाली खुणेपासूनची खोली. खूण असते कठड्यावर, रंगाने काढलेली. मग त्यातून कठड्याची उंची वजा करायची, की जमिनीपासूनची खोली मिळते. आता ग्रामपंचायतीने विहिरीला नवा कठडा बांधला, जुन्यापेक्षा हातभर उंच. मोजणारा नवा माणूस आला, त्याने वजाबाकीला जुनीच उंची धरली. त्या वर्षापासून विहिरीचं पाणी कागदावर हातभर खोल गेलं, आणि पुढे कायम तसंच राहिलं.

सर, हे तुमच्या चाचणीला कळतं का?

दुसरं, कोरडी विहीर. मे महिन्यात विहीर आटलेली असली की आम्ही "कोरडी" असा शेरा मारायचो. संगणकात भरताना तो रकाना रिकामा राहतो, कारण तिथे आकडा लागतो. म्हणजे ज्या वर्षी पाणी सगळ्यात खोल, नेमकं तेच वर्ष गायब! पुतणीला विचारा, वीस वर्षांपैकी रिकामी वर्षं किती आणि ती कोणती.

तिसरं, मोटर. खान्देशात शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री असं चालतं. रात्रभर मोटर चालली आणि सकाळी आठला तुम्ही टेप सोडली तर मिळते ती उपसलेली पातळी, स्थिर पातळी नव्हे. शेजारच्या शेतातली मोटर चालू असली तरी फरक पडतो. त्यासाठीच शेऱ्याचा रकाना असतो. नोंदवहीत तो असतो, पोर्टलवरून उतरवलेल्या फाईलमध्ये तो पोहोचेलच असं नाही.

आणखी एक, चिन्ह बघा. नोंदी जमिनीपासूनच्या खोलीच्या असतात. आकडा वाढला म्हणजे पाणी उतरलं. "वाढता कल" वाचून पाणी वाढलं असं समजणारे मी पाहिलेत.

तापीकाठ

बाप रे. शेरा_रकाना नाना, हे कुठल्याच पुस्तकात नसेल. पुतणीला फोन लावतो.

आकडेमोड

नानांनी कठड्याचं विचारलंय. चाचणीला ते अजिबात कळत नाही. वीस वर्षांच्या बरोबर मध्यावर कठडा वाढला असं धरा. पहिली दहा वर्षं आणि नंतरची दहा वर्षं यांच्यातल्या जोड्या होतात १००. म्हणजे १९० पैकी १०० जोड्या त्या कठड्याच्या आरपार जातात, आणि त्या सगळ्या "खोल"कडे झुकणार. पाणी जागचं हललं नाही तरी पी ०.०५ च्या खाली जाऊ शकते. चाचणी प्रामाणिकपणे सांगते की कागदावरचे आकडे खाली गेलेत. ते पाण्यामुळे की गवंड्यामुळे हे सांगणं तिचं काम नाही.

कोरड्या वर्षांवर मात्र उपाय सोपा आहे आणि तो याच चाचणीत बसतो. तिला नेमका आकडा लागत नाही, खोल की वर एवढंच लागतं. विहीर कोरडी म्हणजे पाणी तळाच्या खाली. मग त्या वर्षाला ओल्या सगळ्या वर्षांपेक्षा "खोल" धरा, आणि दोन कोरडी वर्षं समोरासमोर आली तर बरोबरी. मधल्या काळात विहीर खोदून खोल केली नसेल, तर हे चालतं. रिकामं सोडण्यापेक्षा कितीतरी बरं. माझा अंदाज, पुतणीच्या काही "घट नाही" विहिरी यानेच पलटतील.

आता "किती"चा प्रश्न, जो तिच्या वडिलांनी विचारला आणि प्रबंधात कुणीच विचारला नाही. त्यासाठी सेनचा उतार असतो, कोलकात्याच्या प्रणब कुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेला. प्रत्येक जोडीतून वर्षाला किती फरक पडला ते काढायचं आणि सगळ्या जोड्यांचा मध्यक घ्यायचा. एखादं विचित्र वर्ष त्याला फारसं हलवू शकत नाही.

कल्पना करा, दोन विहिरी आहेत, आकडे समजण्यापुरते घेतलेत. पहिलीचा उतार वर्षाला ३ सेंटिमीटर, नोंदी एका रेषेत, पी ०.०१. वीस वर्षांत ६० सेंटिमीटर. केळीवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. दुसरीचा उतार वर्षाला ४० सेंटिमीटर, पण दरवर्षी वरखाली इतकं की कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा उतार ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा) ८५ सेंटिमीटर खाली ते ५ सेंटिमीटर वर असा पसरलेला, पी ०.०५ च्या वर. मार्गदर्शकांच्या नियमाने पहिलीपुढे "लक्षणीय घट" आणि दुसरीपुढे "घट नाही". वीस वर्षांत आठ मीटर जाऊ शकतात अशी शक्यता ज्या विहिरीत आहे तिला क्लीन चिट!

पानझरा

धुळ्याहून. एक गोष्ट खटकली. यावल-रावेर आणि साक्री-धुळे एकाच तक्त्यात कसे? तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गाळाचा थर आहे, जाड, खोलवर पाणी साठवणारा. आमच्याकडे काळा पाषाण, बेसाल्ट. आमच्या विहिरी पावसाळ्यात भरतात आणि मार्च-एप्रिलला तळ दाखवतात. दरवर्षी जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे आमच्या नोंदी पावसाबरोबर नाचतात आणि कल दिसायला फार वर्षं लागतात. गाळात तसं नाही, तिथे उतरलं की उतरतच जातं. दोन्हींची सरासरी काढून "खान्देशात भूजल वर्षाला इतकं घटलं" असं कुणी लिहिलं तर ते ना इकडचं खरं, ना तिकडचं.

शिवाय यावलकडे शेतकरी पाणी घेतो खोल ट्यूबवेलमधून. निरीक्षण विहीर उथळ असेल तर ती वरच्या थराचं पाणी सांगते. खालचं कोण मोजतंय? पिझोमीटरच्या, म्हणजे ठरावीक खोल थराची पातळी मोजणाऱ्या नळी-विहिरींच्या, नोंदी वेगळ्या बघायला हव्यात.

आकडेमोड

पानझरा, अगदी. आणि गाळातल्या विहिरींची दुसरी अडचण तुम्ही नकळत सांगितलीत. तिथलं पाणी गेल्या वर्षीची आठवण धरून असतं. यंदा खोल तर पुढच्या वर्षीही बहुधा खोलच. मान-केंडॉल मात्र प्रत्येक वर्ष सुटं धरते. लागोपाठच्या वर्षांतला सहसंबंध ०.५ असेल तर ढोबळ हिशेबाने वीस वर्षांच्या नोंदींत सुट्या सात वर्षांइतकीच माहिती असते. म्हणजे पी दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच मोठी. यावर हमेद आणि राव यांनी १९९८ मध्ये दुरुस्ती दिली आहे, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती असते, एक पर्याय निवडायचा असतो फक्त. म्हणजे बघा, बेसाल्टमध्ये घट असून दिसत नाही आणि गाळात आहे त्यापेक्षा पक्की दिसते. तीच चाचणी, तोच तालुक्यांचा नकाशा.

चाळीस विहिरींचं राहिलंच. कुठेच कल नसता तरी चाळीसपैकी सरासरी दोन विहिरी ०.०५ च्या आत येणारच, एक घटीची, एक वाढीची. म्हणून चाळीसपैकी तीन "लक्षणीय" आल्या तर फार उड्या मारू नये. वीस आल्या आणि सगळ्या घटीच्याच असल्या तर गोष्ट वेगळी. पण तिथेही शेजारशेजारच्या विहिरी एकाच पाण्यावर, त्यांना वीस साक्षीदार म्हणू नका.

काळी_माती

सर, तुम्ही एका हाताने देता आणि दुसऱ्याने काढून घेता. शेवटी सरकार म्हणणार, "शास्त्रज्ञांनाच खात्री नाही", आणि हात झटकणार. आमचं पाणी जायचं ते जाणारच. तुमची खात्री होईपर्यंत थांबायचं का?

आकडेमोड

थांबायचं नाही, हेच तर सांगतोय. एक गंमत बघा. चार वर्षांच्या नोंदी आहेत आणि चारही वर्षं पाणी लागोपाठ खाली गेलंय. याहून स्पष्ट काय असू शकतं? पण चार वर्षांचे क्रम लागतात २४ प्रकारे, त्यातला एक सरळ उतरता आणि एक सरळ चढता. दुतर्फी पी झाली २४ पैकी २, म्हणजे ०.०८३. चार वर्षांच्या नोंदींवर ही चाचणी कधीही "लक्षणीय" म्हणूच शकत नाही, पाणी पाताळात गेलं तरी. मग "लक्षणीय घट आढळली नाही" हे वाक्य घेऊन जो हात झटकतो त्याला विचारा, आढळण्याइतक्या नोंदी होत्या का?

सातपुडा_भटक्या

अवांतर होईल, पण राहवत नाही. "नोंदीत नाही म्हणजे जगात नाही" याचं मोठं उदाहरण आपल्याच शहाद्याचं आहे. रानपिंगळा, छोटं घुबड. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नाही. पुढे मेनर्ट्झहॅगन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपण तो १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ टिपल्याचं दाखवलं. लोक बिचारे तिकडे शोधत राहिले. नंतर उघड झालं की तो नमुना चोरलेला होता, जुनाच, डेव्हिडसन नावाच्या संग्राहकाने खान्देशात गोळा केलेला, चिठ्ठी बदलून चिकटवलेली. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! ११३ वर्षांची "अनुपस्थिती" एका खोट्या चिठ्ठीने लांबवली. शेऱ्याचा रकाना तेव्हाही महत्त्वाचाच होता, नाना.

शेरा_रकाना

हे माहीत नव्हतं. छान.

केळीचा_घड

तापीकाठ यांचा शेवटचा प्रश्न राहूनच गेला. घट खरी धरली तरी ती उपशाने झाली कशावरून? यावर कुणी बोललं नाही, आणि गावात भांडणं त्यावरूनच होतात.

पाऊस कमी झाला असेल तरी पाणी उतरेल. पहिलं वर्ष कोणतं धरलंय ते बघा. २००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर आला, उकाई धरणातून पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडाली. त्यानंतरच्या मे २००७ पासून मोजायला सुरुवात केली आणि मे २०१९ ला संपवलं, म्हणजे २०१८ च्या दुष्काळानंतर, जेव्हा राज्याने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले होते, तर घट दिसणारच. उलट दुष्काळात सुरू करून भरल्या वर्षात संपवलं की त्याच विहिरीत "वाढ". जलसंधारणाच्या कामांचे आधी-नंतरचे तक्ते असेच जमतात. काम सुरू होतं दुष्काळानंतर, मोजणी होते चांगल्या पावसानंतर. कामं वाईट असं नव्हे, शिरपूरकडचं काम मी स्वतः बघितलंय, पण तो तक्ता काही सिद्ध करत नाही.

कारणाचा शोध हा वेगळा उद्योग असतो. गिधाडांचं बघा. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्के कमी झाली, ती घट दाखवायला मोजणी पुरली. पण कारण मोजणीतून नाही निघालं. मेलेली गिधाडं उघडून मूत्रपिंडं तपासली तेव्हा २००४ मध्ये डायक्लोफेनॅक सापडलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

आकडेमोड

+१. पुतणीला एक करता येईल. प्रत्येक विहिरीजवळच्या पर्जन्यमापकाचा आदल्या पावसाळ्याचा पाऊस घ्या, पाण्याच्या पातळीतून पावसाचा वाटा काढून टाका आणि जे उरतं त्यात कल आहे का बघा. उरलेल्यातही घट असेल तर उपशाकडे बोट दाखवायला थोडी जागा आहे. सिद्ध नव्हे, जागा. लागवडीखालचं केळीचं क्षेत्र आणि शेतीपंपांच्या जोडण्या यांच्या नोंदी जोडल्या तर आणखी थोडी.

पानझरा

आणि मार्गदर्शकांचं काय? गुण तेच देणार आहेत.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. पुतणीने हा धागा वाचला. तिने नवा तक्ता करायला घेतलाय: गाळ आणि बेसाल्ट वेगळे, सेनचा उतार, त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, दुरुस्त केलेली पी, कोरड्या वर्षांची संख्या. मार्गदर्शक पहिल्यांदा चिडले, मग म्हणाले, जुना तक्ता परिशिष्टात ठेव आणि हा मुख्य प्रकरणात घे. भावाला तिने सांगितलं की आपली विहीर घटतेय की नाही ते अजून ठरत नाही, पण वर्षाला अर्ध्या मीटरपर्यंत घटत असल्याची शक्यता खोडता येत नाही. तो म्हणाला, "मग अर्धा मीटरच धरून चालू."

नाना, एक विचारायचंय. मूळ नोंदवहीत दोन विहिरींपुढे "मोटर चालू" सापडलं आणि शेजारच्या गावच्या विहिरीपुढे "कठडा नवीन". हीच ती "लक्षणीय घट"वाली. ती वगळायची का?

शेरा_रकाना

वगळू नका. गावात जाऊन कठडा आतून बघा, जुनं बांधकाम कुठे संपतं ते दगडांवरून कळतं, कधी कधी जुन्या खुणेचा रंगही असतो. नवी उंची आणि जुनी उंची यांतला फरक मोजा, त्या वर्षापासूनच्या नोंदींतून वजा करा. मग चाचणी दोनदा लावा, दुरुस्तीआधी आणि नंतर, आणि दोन्ही निकाल छापा. "मोटर चालू"ची वर्षं मात्र काढून टाका, ती सुधारता येत नाहीत. जाताना टेप पोलादीच न्या, कापडी ताणते.